कोष्टकातील उजळलेली ओळ आणि 'ने' प्रत्ययाचा प्रश्न

भाषावर्णनात कोष्टकाचे स्थान जुने आहे. विभक्तिरूपे, धातुरूपे, बोलींतील पर्यायी रूपे ही सर्व सामग्री ओळी व रकाने पाडून मांडण्याची पद्धत व्याकरणग्रंथांतून रूढ झाली आणि आता तीच वेबपृष्ठांवरही आली आहे. छापील कोष्टकात वाचक स्वतःच्या पेन्सिलीने खुणा करतो. वेबपृष्ठावर हे काम बटणाकडे सोपविता येते. 'सकर्मक' असे लिहिलेले बटण दाबले की सकर्मक धातूंच्या ओळींची पार्श्वभूमी पिवळी व्हावी, पुन्हा दाबले की ती पूर्ववत व्हावी, अशी योजना थोड्या आज्ञांत करता येते. ती सोपी असल्यामुळे केवळ सजावटीची बाब समजली जाते; पण हा समज बरोबर नाही. पेन्सिलीची खूण वाचकाची असते, बटणाने उजळलेली ओळ मात्र कोष्टककाराचे विधान म्हणून वाचली जाते. शिवाय न उजळलेली ओळही विधानच ठरते : त्या ओळीत तो विशेष नाही, असाच अर्थ वाचक घेतो.

हा मुद्दा एका लहान कोष्टकाच्या आधारे तपासता येईल. मराठीत सकर्मक धातूचा भूतकाळ सामान्यतः कर्मणी किंवा भावे प्रयोगात येतो व कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लागतो. काही सकर्मक धातू मात्र भूतकाळातही कर्तरी प्रयोगातच राहतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगविचाराला मोठी जागा मिळाली आहे, आणि या धातूंचा गट अभ्यासकांना आजही विचार करावयास लावतो. कोष्टकात बारा ओळी आहेत असे समजावे : (१) त्याने आंबा खाल्ला. (२) तिने पत्र लिहिले. (३) त्यांनी पुस्तके वाचली. (४) मी चित्र पाहिले. (५) ती गावी गेली. (६) तो खाली बसला. (७) तो अनेक गोष्टी विसरला. (८) आम्ही संस्कृत शिकलो. (९) ती साडी नेसली. (१०) ती दोन शब्द बोलली. (११) त्याने सापाला मारले. (१२) त्याने दूध प्यायले, अथवा, तो दूध प्याला.

वेबपृष्ठाची रचना तीन थरांची असते. मजकूर व त्याची मांडणी एचटीएमएल या खूणभाषेत असते, तिच्या ३.२ या आवृत्तीत, म्हणजे १९९७ साली, कोष्टकाची खूण अधिकृतपणे समाविष्ट झाली. रूप, म्हणजे रंग, अंतर, काठ इत्यादी, सीएसएस या शैलीभाषेत सांगितले जाते. तिची पहिली शिफारस १९९६ ची. क्रिया मात्र जावास्क्रिप्टमध्ये लिहावी लागते. ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी रचली. बटण दाबले गेल्याची सूचना ब्राउझर जावास्क्रिप्टला देतो. जावास्क्रिप्ट कोष्टकातील ओळी एकामागून एक पाहते आणि योग्य ओळीला एक 'क्लास', म्हणजे वर्गनाम, चिकटविते. त्या वर्गनामाच्या ओळी कोणत्या रंगात दाखवावयाच्या हे शैलीपत्रक ठरविते. यांतील 'योग्य ओळ' कोणती, हा प्रश्न तंत्राचा नसून व्याकरणाचा आहे, आणि नेमका तोच बहुधा घाईने उरकला जातो.

घाईचा मार्ग असा : 'कर्ता तृतीयेत' या बटणासाठी ज्या ओळीच्या मजकुरात 'ने' ही अक्षरे सापडतील ती ओळ उजळावी. वरील कोष्टकावर हा नियम चालविला असता पहिली, दुसरी, अकरावी व बारावी या ओळी उजळतात, आणि ते बरोबर आहे. पण सातवीही उजळते, कारण 'अनेक' या शब्दात 'ने' आहे; नववीही उजळते, कारण 'नेसली' या क्रियापदाचा प्रारंभच त्या अक्षराने होतो. विसरणे व नेसणे हे तर भूतकाळी 'ने' न घेणाऱ्या धातूंचे नमुने होत! उलटपक्षी तिसरी ओळ अंधारात राहते, कारण अनेकवचनी प्रत्यय 'नी' आहे. आणि चौथीही राहते, कारण प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामांची तृतीया रूपाने प्रथमेहून वेगळी दिसत नाही. 'मी चित्र पाहिले' यात क्रियापद 'चित्र' या कर्माप्रमाणे चालते यावरूनच प्रयोग ओळखावा लागतो. शिवाय कोणी 'त्यानं', 'तिनं' अशी बोलरूपे लिहिली तर त्या ओळीही सुटतील, ही गोष्ट वेगळीच.

येथे एक विलक्षण योगायोग घडतो. तृतीयान्त कर्त्याच्या ओळी वस्तुतः सहा आहेत : १, २, ३, ४, ११ व १२. अक्षरशोधाने उजळलेल्या ओळीही सहाच आहेत. ज्याने केवळ संख्या पडताळून पाहिली त्याला चूक दिसणार नाही. दोन ओळी वगळल्या गेल्या व दोन भलत्याच आल्या, हे त्याच्या ध्यानात येणार नाही. मोठ्या कोष्टकात, जेथे शेकडो ओळी डोळ्यांखालून जातात, तेथे असा दोष प्रबंधाच्या निष्कर्षापर्यंत पोहोचणे अशक्य नाही.

यावर उपाय एकच : व्याकरणविशेष मजकुरातून हुडकण्याऐवजी संशोधकाने तो प्रत्येक ओळीवर स्वतः नोंदवावा. एचटीएमएलमध्ये यासाठी 'डेटा' या शब्दाने सुरू होणारे गुणधर्म वापरता येतात. ते वाचकाला दिसत नाहीत, पण आज्ञावलीला वाचता येतात. ओळीवर 'कर्म : आहे', 'प्रयोग : कर्तरी' अशी नोंद असली की बटण तीच नोंद पाहते, वाक्यातील अक्षरे पाहत नाही. देवनागरीच्या बाबतीत हे पथ्य अधिकच आवश्यक आहे. 'कऱ्हाड' या नावातील अर्धा 'र' दोन प्रकारे साठविलेला आढळतो : एकदा 'ऱ' या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, तर एकदा साध्या 'र' ला हलन्त व त्यानंतर एक अदृश्य संधिचिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते भिन्न शब्द होत. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने 'ऱ' आणि 'नुक्ता जोडलेला र' यांची एकवाक्यता होते, परंतु ते अदृश्य चिन्ह त्याने नाहीसे होत नाही. स्थळनामावरून ओळी उजळणाऱ्या बोलीकोष्टकात अर्धे कऱ्हाड त्यामुळे निसटू शकते.

नोंदी निर्दोष झाल्या तरी दोन बटणे एकत्र आली की नवा प्रश्न उभा राहतो. वरील कोष्टकात सकर्मक ओळी दहा आहेत (पाचवी व सहावी वगळून सर्व), आणि भूतकाळी कर्तरी प्रयोगाच्या ओळी सात (५ ते १०, तसेच विकल्पाने १२). दोन्ही बटणे दाबली असता काय उजळावे? 'किंवा' हा अर्थ घेतला तर बाराच्या बारा ओळी उजळतात, व सर्व कोष्टक पिवळे होऊन त्यातून काहीच कळत नाही. 'आणि' हा अर्थ घेतला तर ७, ८, ९, १० व १२ या पाच ओळी उरतात. अभ्यासकाला हवा असलेला गट तोच होय. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा तिसरीच गोष्ट घडते. प्रत्येक बटण आपापल्या ओळींचे एकच वर्गनाम उलटसुलट करते, म्हणजे नसेल तर लावते व असेल तर काढते. पहिल्या बटणाने लागलेले वर्गनाम दुसऱ्या बटणाने निघून जाते, आणि ज्या पाच ओळींत दोन्ही विशेष आहेत नेमक्या त्याच काळवंडतात. उरलेल्या सात उजळून दिसतात. शोधावयाचा गटच अशा रीतीने दृष्टीआड होतो. म्हणून बटणाने ओळीला थेट हात लावू नये. कोणती बटणे दाबलेली आहेत याची नोंद ठेवून प्रत्येक वेळी प्रत्येक ओळीचा निर्णय नव्याने करावा, हे श्रेयस्कर. दोन बटणांमधील संबंध 'आणि'चा आहे की 'किंवा'चा, हेही बटणांजवळ शब्दांत लिहिलेले असावे.

शैलीपत्रकातील एक दोषही येथेच नोंदविणे उचित होईल, कारण त्याचा परिणाम अगदी अशाच स्वरूपाचा असतो. वाचनसौकर्यासाठी कोष्टकाच्या सम ओळींना फिकट राखाडी रंग देण्याचा प्रघात आहे. 'कोष्टकातील प्रत्येक सम ओळ' हा निर्देश केवळ वर्गनामाच्या निर्देशापेक्षा अधिक विशिष्ट मानला जातो, आणि सीएसएसमध्ये अधिक विशिष्ट नियम प्रबळ ठरतो, मग दुसरा नियम मागाहून लिहिलेला का असेना. (पाणिनीय परंपरेतील उत्सर्ग व अपवाद यांची आठवण व्हावी असाच हा न्याय आहे, मात्र येथे विशिष्टता अर्थाने ठरत नाही, निर्देशातील घटक मोजून ठरते.) परिणामी वरील पाच ओळींपैकी ८, १० व १२ राखाडीच राहतात, आणि सातवी व नववी तेवढ्या उजळतात. भूतकाळी कर्तरी राहणारे सकर्मक धातू विसरणे व नेसणे हे दोनच, असे कोष्टक सांगू लागते. उजळणीच्या नियमात कोष्टकाचा व ओळीचाही निर्देश केला की हा दोष जातो. प्रत्येक घराला स्वतंत्र पार्श्वभूमी दिलेली असल्यास ओळीचा रंग तिच्याखाली झाकला जातो. तेव्हा रंग ओळीतील घरांनाच द्यावा.

बाराव्या ओळीचा विचार मात्र वेगळा करावयास हवा. 'त्याने दूध प्यायले' व 'तो दूध प्याला' ही दोन्ही रूपे मराठीत आढळतात. या ओळीला 'कर्तरी' म्हणून उजळले तर पहिल्या रूपावर अन्याय होतो, न उजळले तर दुसऱ्यावर. एका ओळीत दोन रूपे कोंबण्यापेक्षा दोन ओळी करणे हा एक मार्ग आहे. पण त्याने धातूंची गणना बिघडते. वैकल्पिकतेची स्वतंत्र नोंद करून त्या ओळीला निराळी खूण देणे अधिक प्रामाणिक ठरेल. 'आहे' व 'नाही' यांखेरीज 'दोन्ही' आणि 'अद्याप तपासलेले नाही' अशा आणखी दोन अवस्था कोष्टकाला लागतात. त्यांतील शेवटची अवस्था रंगहीन ठेवली तर ती 'नाही'त मिसळून जाते, आणि क्षेत्रकार्यातील न विचारलेला प्रश्न नकारार्थी उत्तर म्हणून गणला जातो.

ही खूण केवळ रंगाची असू नये. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ सालच्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत माहिती देण्याचे एकमेव साधन म्हणून रंग वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि रंगभेद नीट न दिसणाऱ्या वाचकांचा विचार करता ते योग्यच आहे. अंध वाचक पडदावाचकाच्या साहाय्याने पृष्ठ ऐकतो. त्याच्यासाठी बटण दाबलेल्या अवस्थेत आहे की नाही हे बटणाच्या गुणधर्मात सांगावे लागते, आणि ओळीत 'निवडलेली' असा शब्द असावा लागतो. डोळस वाचकालाही हा नियम उपकारक आहे, कारण ब्राउझर पृष्ठ छापताना पार्श्वभूमीचे रंग सामान्यतः गाळतो. मार्गदर्शकापुढे ठेवण्यासाठी छापून आणलेल्या कोष्टकात त्यामुळे एकही ओळ उजळलेली दिसत नाही. काठाची रेघ मात्र छापली जाते. तेव्हा उजळलेल्या ओळीच्या डाव्या काठाला जाड अखंड रेघ, वैकल्पिक ओळीला तुटक रेघ, आणि न तपासलेल्या ओळीच्या पहिल्या रकान्यात प्रश्नचिन्ह, एवढी व्यवस्था रंगाच्या जोडीला अवश्य करावी.