पासवर्ड काउंटरवर मिळेल

अमेरिकेतल्या हायवेलगतच्या मोटेलांच्या जुन्या पाट्या ओळीने लावल्या, तर प्रवाशाची गाडी आत वळावी म्हणून कधी काय दाखवलं जायचं ते समजतं. आधी ‘कलर टीव्ही’, मग ‘एचबीओ’ आणि २००० नंतरच्या काही वर्षांत ‘फ्री वाय-फाय’. ही शेवटची पाटी स्वस्त मोटेलांवर आधी लागली, महागड्या हॉटेलांवर कितीतरी उशिरा. हॉटेलातल्या इंटरनेटच्या पाव शतकात मला सगळ्यात बोलकी वाटते ती हीच गोष्ट.

तिचं मूळ टेलिफोनमध्ये आहे. नव्वदच्या दशकात फिरतीवरचा माणूस लॅपटॉपचा मोडेम खोलीतल्या फोनच्या सॉकेटला जोडायचा. हॉटेलं लोकल कॉलचेही वेगळे पैसे लावायची आणि लांबच्या कॉलवर तर दर भरपूर चढवलेला असायचा. फोन हे कमाईचं खातं होतं. मोबाइल आले आणि ते आटायला लागलं. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, ८०२.११बी हे मानक मंजूर झालं आणि ‘वाय-फाय’ हे नाव बाजारात आलं. २००३ मध्ये इंटेलच्या सेंट्रिनो चिपसंचानंतर लॅपटॉपमध्ये वायरलेसची सोय आतूनच येऊ लागली. मोठ्या हॉटेलांनी इंटरनेट सरळ त्या जुन्या खात्यात टाकलं. टेक्सासमधल्या वेपोर्टसारख्या कंपन्यांनी कमाईतल्या हिश्श्याचे करार करून यंत्रणा बसवल्या. ब्राउझर उघडला की आडनाव आणि खोली क्रमांक विचारणारं पान यायचं आणि दिवसाचे ९ डॉलर ९५ सेंट असे काहीतरी बिलात चढायचे. पाहुण्याचं बिल त्याची कंपनी भरणार, मग कुरकुर कोण करणार?

मोटेलवाल्याकडे असलं गिऱ्हाईक नव्हतं. त्याच्याकडे उतरायचे ते ट्रकवाले, सुट्टीवर निघालेली कुटुंबं, स्वतःच्या खिशातून भाडं देणारे लोक. अमेरिकेतली निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या, बहुतेक गुजराती, कुटुंबांची आहेत आणि त्यांतली बरीच कुटुंबं ऑफिसच्या मागेच राहत आली. घरात घेतलेली एक डीएसएलची लाइन, दोन-चार राउटर आणि खोल्यांची दारं थेट पार्किंगकडे उघडणारी दुमजली इमारत, एवढ्यावर काम भागायचं. कुणाला हिस्सा द्यायचा नव्हता, म्हणून पाहुण्याकडून घ्यायचंही काही नव्हतं. २००४ च्या सुमारास बेस्ट वेस्टर्नने उत्तर अमेरिकेतल्या आपल्या हॉटेलांत वेगवान इंटरनेट मोफत केलं, पण वरच्या दर्जाची हॉटेलं आणखी दहा वर्षं हटली नाहीत.

बरं, पैसे मोजून मिळणारं तरी धड असायचं का? अ‍ॅक्सेस पॉइंट बसायचा पॅसेजच्या छताला, बऱ्याच खोल्या मिळून एक, कारण तिथवर केबल ओढणं स्वस्त पडतं. पॅसेजमधून खोलीत शिरताना पहिल्यांदा लागतं ते बाथरूम. टाइल्स, पाण्याचे पाइप, आरशामागचा धातूचा थर, असं सगळं ओलांडून लहरी आत यायच्या. कामाचं टेबल मात्र खिडकीशी, म्हणजे सगळ्यात लांब. मग पाहुणा लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी, गालिच्यावर बसायचा आणि दार थोडं उघडं ठेवायचा. त्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच. २०१० मध्ये आयपॅड आला, पाठोपाठ सिनेमे पाहणं आलं आणि खोलीमागे एका लॅपटॉपची ईमेल धरून आखलेल्या या यंत्रणा पार कोलमडल्या.

कमाईच्या खात्याचा हट्ट कुठवर जातो ते नॅशव्हिलमध्ये दिसलं. गेलॉर्ड ऑप्रीलँड हे मॅरियटच्या व्यवस्थापनाखालचं अवाढव्य हॉटेल आणि अधिवेशन केंद्र. इथे फोनचा हॉटस्पॉट मुद्दाम तोडला जातो, अशी तक्रार २०१३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे गेली. चौकशीत ती खरी निघाली. हॉटेलची यंत्रणा लोकांच्या स्वतःच्या हॉटस्पॉटला संपर्क तोडण्याचे संदेश पाठवत होती आणि दुसरीकडे प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांकडून हॉटेलच्या वाय-फायचे एका उपकरणामागे २५० ते १००० डॉलर घेतले जात होते. पाहुण्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला डेटा त्याला वापरू द्यायचा नाही, ही मला सरळ दांडगाई वाटते. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियटने सहा लाख डॉलर भरायचं मान्य केलं, पण आपण हे सुरक्षेसाठी केलं, असं सांगतच. पुढच्याच महिन्यात कॅस्परस्की या सायबरसुरक्षा कंपनीने ‘डार्कहोटेल’चा अहवाल काढला. आशियातल्या आलिशान हॉटेलांच्या वाय-फायवरूनच बड्या अधिकाऱ्यांच्या लॅपटॉपमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवलं जात होतं. धोका होता, पण तो हॉटेलांच्या नेटवर्कमध्येच होता. २०१५ उजाडताच मॅरियटने आपल्या सदस्यांना आणि हयातने सगळ्याच पाहुण्यांना वाय-फाय मोफत केलं.

आपल्याकडे सुरक्षेचा प्रश्न खरोखरच जिवावरचा होता. २००८ च्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारे ईमेल मुंबई आणि नवी मुंबईतल्या दुसऱ्यांच्याच वाय-फायवरून, मालकांना पत्ता नसताना, पाठवले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याच्या सूचना काढल्या आणि पुढे ओटीपी आला. हेतू योग्यच होता. पण परदेशातून घरी आलेल्या मराठी कुटुंबाकडे भारतीय सिम नसतं. मग काउंटरवरचा मुलगा अडचण ओळखून स्वतःचा नंबर टाकून देतो आणि नोंद त्याच्याच नावावर होते. ज्यासाठी नियम केला तेच हातून निसटतं, आणि उद्या काही झालं तर चौकशीला त्या मुलालाच बोलावतील.

साध्या लॉजमध्ये तर ओटीपीही नसतो. काउंटरवर देवाच्या तसबिरीशेजारी एक राउटर आणि लॉजचा फोन नंबर हाच पासवर्ड. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, पाहुण्यांनी वाय-फाय मागणं कमी केलं आणि मालकांनी राउटरकडे बघणं सोडलं. २०२० नंतर गोव्यात आणि महाबळेश्वरात लोक लॅपटॉप घेऊन महिनामहिना राहायला आले तेव्हा हे दुर्लक्ष उघडं पडलं. घाटातल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, वाय-फायवर सिनेमा कसाबसा दिसतो, पण मीटिंगमध्ये आपला आवाज पलीकडे तुटत जातो, कारण मालकाने घेतलेल्या प्लॅनमध्ये अपलोड नावापुरतं.

बुकिंग करताना खोलीच्या माहितीत एसी असतो, गरम पाण्याच्या वेळाही दिलेल्या असतात. वाय-फायसमोर मात्र अजून नुसती टिकमार्क. खोलीतल्या टेबलापाशी, रात्री नऊला, सगळे पाहुणे परतलेले असताना मोजलेली डाउनलोड आणि अपलोडची गती तिथे लिहायला मालकाची पाच मिनिटं जातील. खोलीखोलीत भिंतीवर अ‍ॅक्सेस पॉइंट बसवायचा खर्च ज्यांनी केलाय, त्यांनी तरी हे याच हंगामात सुरू करावं.