दुःख का येते? ख्रिस्ती धर्मविचारातील एक अवघड प्रश्न

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयात खेड्यावरून येणारा एक विद्यार्थी पंधरा-वीस दिवस वर्गात दिसला नाही. आला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते. त्याचा धाकटा भाऊ शेळ्या घेऊन माळावर गेला होता. वळिवाचा पाऊस आला म्हणून तो झाडाखाली उभा राहिला, आणि वीज पडून गेला. बारा वर्षांचे पोर.

तास संपल्यावर तो माझ्यामागून आला आणि म्हणाला, "सर, घरी जो येतो तो विचारतो, तुमच्याकडून काही राहिलं होतं का? कुणी म्हणतं कुलदैवताचं राहिलं असेल, कुणी म्हणतं मागल्या जन्मीचं असेल. आई रात्ररात्र बसून आठवत असते. तुम्ही तत्त्वज्ञान शिकवता ना? मग सांगा, आमचं काय चुकलं?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही, हे कबूल करतो. पण योगायोग असा की, त्याच सत्रात मी ख्रिस्ती धर्मविचाराचा भाग शिकवीत होतो, आणि "आमचं काय चुकलं?" हाच प्रश्न त्या परंपरेत पुन्हा पुन्हा विचारला गेलेला आहे. ख्रिस्ती माणसे त्याला काय उत्तर देतात, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

हा प्रश्न ख्रिस्ती विचारात अधिक टोचतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे कर्माचा सिद्धान्त आहे. तो कुणाला पटो न पटो, त्यात हिशेब जुळतो. या जन्मात कारण सापडले नाही तर मागील जन्माच्या वहीत सापडेल, असे म्हणता येते. ख्रिस्ती धर्मात जन्म एकच. मागची वही नाही. शिवाय देव एकच, त्यानेच सारे निर्माण केले, तो सर्वशक्तिमान आहे आणि बाप लेकरांवर करतो तशी माया तो माणसांवर करतो, अशी श्रद्धा. मग दुःख टाळणे त्याच्या हाती असूनही तो टाळीत नसेल तर माया कुठे राहिली? आणि टाळण्याची इच्छा असून जमत नसेल तर शक्ती कुठे राहिली? असा हा दोन्हीकडून अडवणारा प्रश्न आहे.

आता गंमत अशी की, हा प्रश्न नास्तिकांनी बाहेरून आणून टाकलेला नाही. तो बायबलातच आहे. यहुदी लोकांपासून ख्रिस्ती लोकांकडे आलेला जो जुना करार, त्यात ईयोबाचा एक स्वतंत्र ग्रंथच आहे, चांगला बेचाळीस अध्यायांचा. ईयोब हा ऊस देशचा सज्जन, देवभीरू माणूस. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, पाचशे बैलजोड्या. एका दिवसात सारे जाते. दरोडेखोर जनावरे नेतात, वावटळीने घर कोसळून दहाही मुले दगावतात, पुढे त्याच्या अंगभर फोड येतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो.

अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र समाचाराला येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. मग बोलू लागतात, आणि सारे बिघडते! तिघांचे म्हणणे थोडक्यात एकच: देव न्यायी आहे, तो उगीच कुणाला शिक्षा करीत नाही, तेव्हा तुझे काहीतरी चुकले असलेच पाहिजे, आठवून बघ आणि पदरात घे. माझ्या विद्यार्थ्याच्या दारी येणारी माणसे हेच म्हणत होती, नाही का? आपण शिक्षक मंडळीदेखील नापास मुलाच्या बापाला कधी कधी हेच ऐकवतो.

ईयोब मात्र ऐकत नाही. माझा काही अपराध नाही, आणि देवाने समोर येऊन मला जाब द्यावा, असे तो पुन्हा पुन्हा ओरडून सांगतो. त्याची भाषा इतकी कडक आहे की धर्मग्रंथात ती ठेवली कशी याचेच नवल वाटावे. शेवटी देव वावटळीतून बोलतो. कारण सांगत नाही; उलट ईयोबालाच विचारतो की, पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? समुद्राला बांध कुणी घातला? वाचणाऱ्याला वाटते, हे काही उत्तर नव्हे. मलाही तसेच वाटते. परंतु ग्रंथाच्या अगदी शेवटी देव त्या तीन मित्रांवर रागावतो. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी खरे बोलला आणि तुम्ही बोलला नाही, असा त्याचा निवाडा आहे. देवाची बाजू घेऊन भांडणारे चुकले, आणि देवाशीच भांडणारा बरोबर ठरला.

पुढे ईयोबाला दुप्पट जनावरे आणि पुन्हा सात मुलगे, तीन मुली झाल्या, असे ग्रंथ सांगतो. हे मला कधी पचले नाही. उंट दुप्पट होतात, पण गेलेल्या लेकरांची भरपाई नवीन लेकरांनी होते, असे कुठल्या आईला पटेल?

येशूपुढेही हाच प्रश्न आला. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. त्याला पाहून शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. देवाचे कार्य याच्या ठायी दिसावे म्हणून. मग तो थुंकीने चिखल कालवतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. या शिलोहाचीच आणखी एक गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात आहे. तेथला बुरूज कोसळून अठरा माणसे मेली होती. ती इतरांहून अधिक पापी होती असे समजता काय, असे विचारून येशू स्वतःच 'नाही' म्हणतो. अर्थात पाठोपाठ तो ऐकणाऱ्यांना स्वतःचे मन पालटायलाही बजावतो. पण मेलेल्यांच्या माथी दोष ठेवीत नाही.

पुढील काळात धर्मपंडितांनी दुःखाची कारणे शोधण्याचा पुष्कळ खटाटोप केला. त्यांत मोठे नाव सेंट ऑगस्टिनचे (३५४ ते ४३०). त्याचे म्हणणे असे की, वाईट ही स्वतंत्र वस्तूच नव्हे. अंधार म्हणजे उजेडाचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. देवाने माणसाला स्वतंत्र इच्छा दिली आणि माणसाने तिचा दुरुपयोग केला, तेथून दुःख शिरले. कळसूत्री बाहुल्या पाप करीत नाहीत, पण त्या प्रेमही करीत नाहीत. चोरी, खून, लढाया, सावकाराचा जुलूम यांना हे उत्तर बरेचसे लागू पडते.

पण वीज? ती कुणाच्या इच्छेने पडली? तेथे दुसरे काही पंडित म्हणतात की, सृष्टी नियमाने चालते म्हणूनच आपण जगू शकतो. ज्या विस्तवावर भाकरी भाजते त्यानेच हात भाजतो. वीज बहुधा उंच झाड गाठते. खाली कुणाचा मुलगा उभा आहे हे ती विचारीत नाही. (जाता जाता सांगतो, आणि गुरुजींनी हे मुलांना जरूर सांगावे: ढग गडगडत असताना झाडाखाली उभे राहू नये, पक्क्या घराचा आसरा घ्यावा.) हे म्हणणे मला बरेचसे पटते. तरीही त्या आईला ते सांगून काय उपयोग?

पंडितांच्या उत्तरांची खरी परीक्षा झाली ती पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सने १७१० साली मोठा ग्रंथ लिहून प्रतिपादन केले होते की, शक्य असलेल्या सर्व जगांपैकी हेच सर्वांत उत्तम जग देवाने निवडले आहे. त्यानंतर १ नोव्हेंबर १७५५ या दिवशी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, माणसे चर्चमध्ये प्रार्थनेला जमली असताना लिस्बनला भयंकर भूकंप झाला. जी नदीकाठी पळाली त्यांच्यावर समुद्राच्या लाटा आल्या, आणि पाठोपाठ लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. हजारो माणसे मेली. प्रार्थनेला गेलेलीच मेली, हे लोकांच्या मनाला फार लागले. फ्रेंच लेखक व्होल्तेरने आधी कवितेतून आणि मग १७५९ साली 'कांदीद' या कादंबरीतून त्या 'सर्वोत्तम जगा'ची टर उडवली. त्याच शहरात मालाग्रिदा नावाच्या पाद्र्याने पत्रक काढून लोकांना सांगितले की, ही तुमच्या पापांची शिक्षा आहे. राजाचा मंत्री पोंबाल लोकांना निवारा उभारून देण्याच्या खटपटीत होता. त्याने या पाद्र्याला शहराबाहेर काढले.

हे दूरदेशीचे झाले म्हणू नका. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा होय, असे महात्मा गांधी म्हणाले, आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर हरकत घेतली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासची गावे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली, तेव्हाही "काय चुकलं?" हा प्रश्न किती ओट्यांवर विचारला गेला असेल!

मग ख्रिस्ती मनुष्य अखेर कशाचा आधार घेतो? माझ्या समजुतीप्रमाणे कारणाचा नव्हे. तो क्रूसाकडे बोट दाखवतो. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशू हा माणूस झालेला देवच. तो निरपराध असताना पकडला गेला, मित्र पळाले, फटके बसले, खिळे ठोकले गेले, आणि मरताना त्यानेही ईयोबासारखाच टाहो फोडला की, माझ्या देवाने मला का टाकले? म्हणजे 'का?' हा प्रश्न देवानेच माणसाच्या बाजूला उभे राहून विचारला. आणि त्याला वरून उत्तर आले नाही! तिसऱ्या दिवशी तो उठला ही ख्रिस्ती लोकांची आशा. पण उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते आणि ते त्याने थोमाला दाखवले, हे योहान मुद्दाम नोंदवतो. दुःख झालेच नव्हते, असे तेथे कुणी म्हणत नाही.

जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान (१९२६ ते २०२४) याची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. १९४३ च्या जुलैत हॅम्बुर्ग शहरावर बाँब पडले तेव्हा हा सतरा वर्षांचा मुलगा विमानविरोधी तोफेवर मदतनीस होता. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, हा वाचला. घरात धर्माचे वातावरण नव्हते. तरी त्या रात्री तो देवाला हाक मारू लागला. पुढे युद्धकैदी असताना त्याला कुणीतरी बायबल दिले. त्यात क्रूसावरचा तो टाहो वाचून, आपल्यासारखाच आणखी कुणी आहे, असे त्याला वाटले. १९७२ साली त्याने ग्रंथ लिहिला तो क्रूसावर खिळलेल्या देवाविषयीच. त्याने स्वतः पुढे सांगितले आहे की, त्या रात्रीचा त्याचा प्रश्न 'देव हे का होऊ देतो?' असा नव्हता. 'देव कुठे आहे?' असा होता.

आपल्या मराठी मुलखातले उदाहरण हवे तर पंडिता रमाबाईंचे आहे. जन्म १८५८. सोळा-सतरा वर्षांच्या असताना दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. मग भाऊ, आणि १८८२ साली पतीही. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली, तो विषय वेगळा. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा ही बाई तेथे गेली आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली घेऊन आली. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. आपल्या माणसांना अन्न का मिळाले नाही याचे उत्तर रमाबाईंना सापडले होते की नाही, मला ठाऊक नाही. १९२१ साली त्यांची एकुलती मुलगी मनोरमाही गेली. बायबलाच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तरीही पुरे केले, आणि १९२२ च्या एप्रिलात त्या वारल्या.

सुट्टीत मी त्या विद्यार्थ्याच्या गावी जाऊन आलो. ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस मनात ठेवून बोलायचे नाही असे ठरवले होते, आणि बराच वेळ ओट्यावर नुसता बसलो. त्याच्या आईने चहा दिला. मग तिने तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "ताई, तुमचं काही चुकलं नाही. त्याचंही नाही." ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने गोठ्याकडे बोट करून सांगू लागली की, प्रत्येक शेळीला त्याने नाव ठेवले होते, आणि त्यांतल्या दोन आता कुणाच्या हाकेला येत नाहीत.