ऑपेराची नायिका पडद्यावर मरते तेव्हा...

क्षयाने मरणासन्न झालेली नायिका रंगमंचावर अखेरच्या क्षणापर्यंत गात राहते, तेव्हा प्रेक्षागृहातील कोणालाही ते खटकत नाही. कॅमेरा मात्र तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर येतो. मानेच्या ताणलेल्या शिरा, वासलेला जबडा, कपाळावरचा घाम हे सारे तो टिपतो. शोकांत ऑपेरा चित्रपटात आणणाऱ्या दिग्दर्शकापुढची पहिली अडचण ती हीच.

ही अडचण खरे तर चित्रपटाच्या जन्मापूर्वीची आहे. ज्युसेप्पे व्हेर्दी यांचा ‘ला ट्राव्हियाटा’ ६ मार्च १८५३ रोजी व्हेनिसच्या ‘ला फेनिचे’ नाट्यगृहात प्रथम सादर झाला आणि पडला. धाकटे अलेक्झांडर ड्यूमा यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. व्हायोलेटा ही पॅरिसमधील गणिका प्रियकराच्या वडिलांच्या विनंतीवरून त्याचा त्याग करते आणि क्षयाने मरते. पहिल्या प्रयोगातील गायिका ३८ वर्षांची व स्थूल होती. अपयशाची इतर कारणेही होती. पण तिचा क्षय प्रेक्षकांना पटला नाही, हे त्यातील एक. पुढच्याच वर्षी, काही फेरबदलांनंतर व नव्या गायिकेसह, व्हेनिसमध्येच हा ऑपेरा गाजला.

स्मृतीचा आधार

फ्रँको झेफिरेली यांनी १९८२ मध्ये ‘ला ट्राव्हियाटा’वर चित्रपट केला. व्हायोलेटाच्या भूमिकेसाठी त्यांनी किरकोळ बांध्याच्या टेरेसा स्ट्रॅटास यांची निवड केली; प्रियकर होते प्लासिडो डोमिंगो. गायन आधी ध्वनिमुद्रित झाले होते. पार्श्वगायनाची सवय असलेल्या भारतीय प्रेक्षकाला या पद्धतीचे नवल वाटणार नाही. येथे फरक एवढाच की, गळा आणि चेहरा एकाच व्यक्तीचा. नाट्यगृहात ध्वनिक्षेपकाविना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. चित्रीकरणाच्या वेळी ते ओझे उतरते आणि गायिकेला अभिनयाकडे लक्ष देता येते.

झेफिरेली यांची खरी सूझ मात्र पटकथेत दिसते. मूळ ऑपेराचा आरंभ मेजवानीने होतो. चित्रपट सुरू होतो तो आवरासावर चाललेल्या उदास घरात. आजारी व्हायोलेटा तेथे भूतकाळ आठवते आणि त्या आठवणीतून मेजवानी उजळते. ही कल्पना वरून चिकटवलेली नाही. व्हेर्दी यांनी पहिल्या अंकापूर्वीच्या वाद्यसंगीतातच अखेरच्या अंकातील मरणाचे सूर योजले होते. दिग्दर्शकाने त्या सुरांना दृश्यरूप दिले.

खुल्या आकाशाखाली

फ्रँचेस्को रोझी यांनी १९८४ च्या ‘कार्मेन’मध्ये वेगळी वाट धरली. जॉर्ज बिझे यांची ही १८७५ ची रचना त्यांनी स्पेनच्या अँडालुसिया प्रांतातील ऊन, धूळ आणि बैलझुंजीच्या रिंगणात नेली. मूळ कृतीत गाण्यांच्या मधे गद्य संवाद होते. बिझे यांच्या मृत्यूनंतर एर्नेस्ट गिरो यांनी त्या जागी गेय संवाद रचले आणि जगभर तेच रूढ झाले. रोझी यांनी पुन्हा गद्य संवाद स्वीकारले. त्यामुळे पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात आणि वास्तव स्थळी गायन विसंगत वाटत नाही.

ध्वनिमुद्रण टाळण्याचाही एक धाडसी प्रयोग झाला. जुलै १९९२ मध्ये पुच्चिनी यांचा ‘टोस्का’ कथेतील मूळ ठिकाणी आणि त्या त्या प्रहरी रोममध्ये सादर करून दूरचित्रवाणीवर थेट दाखवण्यात आला. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता त्याचे संगीत संचालक होते. वाद्यवृंद शहरात दुसरीकडे वाजवत होता आणि गायक प्रत्यक्ष चर्चमध्ये, किल्ल्यावर गात होते.

कात्री कुठे चालवायची?

सर्वात कठीण प्रश्न काळाचा आहे. ऑपेरात भावना उत्कट झाली की कथा थांबते. चित्रपटाला पुढे जाण्याची घाई असते. झेफिरेली यांनीच १९८६ च्या ‘ऑथेल्लो’त डेस्डेमोनाचे मृत्यूपूर्वीचे प्रसिद्ध ‘विलो’ गीत गाळले. कथानकाच्या दृष्टीने त्याविना काही अडत नाही. परंतु त्या गीतात डेस्डेमोना एकटेपणाने आपल्या मरणाची चाहूल घेते. ते गेले की उरते ती केवळ एक हत्या.

एकाच दिग्दर्शकाच्या या दोन चित्रपटांतील अंतर बोलके आहे. ‘ला ट्राव्हियाटा’त त्यांनी कॅमेऱ्याची वाट संगीतातून शोधली, ‘ऑथेल्लो’त कॅमेऱ्यासाठी संगीत बाजूला सारले. शोकांत ऑपेरा पडद्यावर तगतो की नाही, हे बहुधा या निवडीवरच ठरते.