पहिले तीन आकडे सारखे, म्हणून नेटवर्क एकच?

“सर, पहिले तीन आकडे सारखे आहेत ना, मग नेटवर्क एकच.” हे वाक्य खामगावच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ऐकलं, चिखलीत सीसीटीव्ही बसवणाऱ्या मुलांकडून ऐकलं, आणि अभियांत्रिकीच्या तोंडी परीक्षेत तर दरवर्षी ऐकतो. सांगणाऱ्याच्या मनात शंकेला जागाच नसते. १९२.१६८.१.७० आणि १९२.१६८.१.१३० हे दोन आयपी पत्ते समोर ठेवले की उत्तर ठरलेलं. दोन्हीकडे ‘१९२.१६८.१’ आहे, विषय संपला.

विषय तिथे सुरू होतो. नुसत्या या दोन पत्त्यांवरून नेटवर्क एक की दोन, हे कुणालाच सांगता येणार नाही. त्यासाठी सोबतचा सबनेट मास्क विचारावा लागतो, आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

आयपीव्ही४ पत्ता म्हणजे ३२ बिटांची एक सलग संख्या. आपल्याला वाचता यावी म्हणून आठ-आठ बिटांचे चार तुकडे करून मध्ये टिंबं देतात. संगणकाच्या लेखी ती टिंबं नसतातच. नेटवर्कचा भाग कुठे संपतो आणि त्यातल्या यंत्राचा क्रमांक कुठून सुरू होतो, ही रेषा मास्क ठरवतो. ती रेषा टिंबावरच पडली पाहिजे, असं कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही.

पिनकोड पाहा. बुलडाणा ४४३००१, मलकापूर ४४३१०१. पण खामगाव ४४४३०३ आणि शेगाव ४४४२०३. हेच ४४४ अकोल्यालाही आहे, अमरावतीलाही आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ठरवायला निघालात तर खामगाव-शेगाव बुलडाणा जिल्ह्यातून बाहेर पडतील. टपाल खात्याने रेषा स्वतःच्या सोयीने आखली आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता आपले दोन पत्ते. समजा मास्क /२६ आहे, म्हणजे पहिले २६ बिट नेटवर्कचे. आकड्यांत लिहिला तर २५५.२५५.२५५.१९२. तोंडी हिशेब करायचा तर २५६ मधून १९२ वजा करा, उरले ६४. शेवटच्या आकड्याचे गट ६४-६४ चे पडणार आणि ते ०, ६४, १२८, १९२ पासून सुरू होणार. ७० हा ६४ ते १२७ मध्ये बसतो, १३० हा १२८ ते १९१ मध्ये. म्हणजे नेटवर्क दोन, आणि मध्ये राउटर असल्याशिवाय ही दोन यंत्रं बोलणार नाहीत. संगणक हेच बिटांनी करतो: ७० म्हणजे ०१०००११०, मास्कचा १९२ म्हणजे ११००००००, आणि दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला की ०१००००००, म्हणजे ६४ मिळतो. १३० ला हीच क्रिया केली की १२८ येतो. उत्तरं वेगळी, नेटवर्क वेगळं.

उलटही घडतं. १७२.१६.५.१० आणि १७२.१६.६.२०० यांचे पहिले तीन आकडे जुळत नाहीत. पण मास्क /२२, म्हणजे २५५.२५५.२५२.०, असेल तर तिसऱ्या आकड्याचे गट चार-चारचे पडतात. ५ आणि ६ दोन्ही ४ ते ७ च्या गटात, म्हणून नेटवर्क एकच. याच नेटवर्कमध्ये १७२.१६.५.० हा पत्ता एखाद्या यंत्राला बिनधास्त देता येतो. ‘शेवटी शून्य असलेला पत्ता कुणाला देता येत नाही’ हा दुसरा गैरसमज इथेच निकालात निघतो.

हा प्रश्न फक्त परीक्षेपुरता नाही. पाकीट पाठवण्याआधी प्रत्येक संगणक स्वतःच्या मास्कने हीच तपासणी करतो: समोरचा माझ्याच नेटवर्कमध्ये असेल तर थेट देऊ, नसेल तर गेटवेकडे देऊ. नेटवर्क /२६ चं असताना एखाद्या संगणकावर सवयीने २५५.२५५.२५५.० टाकलं, तर त्याला १३० शेजारी वाटतो. तो तारेवर हाक मारत बसतो, पलीकडून उत्तर येत नाही, आणि गेटवेकडे पाकीट जातच नाही. मग प्रिंटर बिघडला म्हणतात, केबल बदलतात, स्विच बदलतात, गिऱ्हाइकाचे पैसे जातात. मास्कची ओळ मात्र कुणी उघडून पाहत नाही. याची मला खरोखर चीड येते, कारण ते पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

फायरवॉलमध्ये हीच चूक धोक्याची ठरते. एखाद्या पतसंस्थेच्या शाखेला इंटरनेट कंपनीने /२९ दिला म्हणजे आठ पत्ते दिले. मुख्य कार्यालयातल्या माणसाने ‘पहिले तीन सारखे’ म्हणून २५६ पत्त्यांना परवानगी दिली, तर उरलेले २४८ पत्ते कुणाचे? त्यावर बसलेल्या परक्यांना त्याने आत घेतलं. प्रोग्राम लिहिणारी मुलं तर पत्ता मजकूर समजून ‘१९२.१६८.१ ने सुरू होणारे’ शोधतात, त्यात १९२.१६८.१० येतो आणि १०० पासून १९९ पर्यंतचे सगळेही येतात. पायथॉनमध्ये २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून या कामाचं तयार मॉड्यूल आहे. ते वापरा.

हा समज आला कुठून? सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या मूळ दस्तऐवजात पत्त्यांचे वर्ग होते. १९२ ते २२३ ने सुरू होणारा पत्ता ‘क्लास सी’, आणि त्यात पहिले तीन आकडे खरोखरच नेटवर्कचे. पत्ते भराभर संपू लागले तसे हे वर्ग रद्द झाले आणि सप्टेंबर १९९३ मध्ये आरएफसी १५१९ ने ‘सीआयडीआर’, म्हणजे हवी तिथे रेषा आखण्याची पद्धत, आणली. विदेश संचार निगमने सर्वसामान्य भारतीयांना इंटरनेट खुलं केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. आपल्याकडे इंटरनेट पोचलं तेव्हा ‘क्लास सी’ मोडीत निघून जवळपास दोन वर्षं झाली होती, तरी आज क्लासमध्ये तेच पाठ करून घेतलं जातं! भर म्हणून घरगुती राउटर २५५.२५५.२५५.० घेऊनच येतात, त्यामुळे चुकीचा नियम घरी रोज बरोबर ठरतो.

बाकीचे समज थोडक्यात. ‘माझा आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.५, म्हणजे कुणीतरी माझा पत्ता चोरला’: हे खासगी पत्ते आहेत, मेहकरात आणि लोणारात एकाच वेळी सुखाने नांदतात. ‘१७२ ने सुरू होणारे सगळे खासगी’: फक्त १७२.१६ ते १७२.३१, आरएफसी १९१८ वाचा. मोबाइलवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तो कंपनीच्या आतला असतो आणि बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहक वाटून घेतात. ‘आयपीव्ही६ मध्ये तपासणी वेगळी’: तीच आहे, फक्त बिट १२८, आणि तिथे एकच पत्ता अनेक प्रकारे लिहिता येतो, म्हणून मजकूर जुळवणं आणखी घातक.

सगळ्यात वाईट समज म्हणजे ‘आयपी मिळाला म्हणजे माणूस मिळाला’. २००७ मध्ये पुणे पोलिसांनी ऑर्कुटवरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या आक्षेपार्ह चित्राच्या प्रकरणात बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने त्या पत्त्याचा वापरकर्ता म्हणून त्याचं नाव दिलं होतं आणि ती माहितीच चुकीची निघाली. निरपराध माणूस सुमारे पन्नास दिवस येरवड्याच्या तुरुंगात राहिला. पत्ता कंपनीच्या कोणत्या नेटवर्कमधला, हे मास्कने कळतं. त्या क्षणी तो कुणाकडे होता, हे फक्त कंपनीच्या नोंदवहीत असतं. म्हणून सायबर तक्रारीत पत्त्यासोबत तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, ती भारतीय प्रमाणवेळ की ग्रीनिचची, आणि मिळाला तर पोर्ट क्रमांक, एवढं लिहाच.