मोहाच्या झाडाची वही

धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात डही हे गाव आहे. गावाबाहेर पडले की साग, पळस, मोह यांची विरळ राने दिसू लागतात. आम्ही पडलो कोंकणी बोलणारे, बारमाही हिरव्या डोंगरांच्या छायेत वाढलेले. माघात उघडीबोडकी झालेली ही झाडे प्रथम पाहिली तेव्हा ती वाळूनच गेली, असा आमचा समज झाला. नववीतील एका मुलाने हसू आवरीत सांगितले, "गुरुजी, ती निजली आहेत."

मुलाचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. पानांवाटे झाडाचे पाणी सतत हवेत जात असते. जमीन सुकू लागली की साग पाने टाकून तो खर्च थांबवितो. मोहाची तऱ्हा याहून मौजेची. ऐन कोरड्या दिवसांत, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास तो फुलतो, आणि त्याची रसाळ फुले पहाटे जमिनीवर गळतात. ती वेचावयास बायकामुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. कित्येक घरांचा चार पैशांचा आधार या फुलांवर असतो. तेव्हा मोह केव्हा फुलतो, हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे.

पृथ्वीचे सरासरी तापमान कारखान्यांच्या युगापूर्वीच्या मानाने १ अंशाहून अधिक वाढले आहे. त्याचा वनांवर काय परिणाम होतो हे शोधण्याच्या कामी विद्यार्थ्यांचाही हात लागत आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वनात दर उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थी संशोधकांच्या हाताखाली राहून झाडे मोजतात, माती तपासतात. त्याच वनात १९९१ पासून एक विलक्षण प्रयोग चालला. जमिनीत विजेच्या तारा पुरून मातीचे काही तुकडे शेजारच्या मातीपेक्षा ५ अंश अधिक उष्ण ठेवले गेले. उष्णतेने मातीतील सूक्ष्म जीव कुजलेला पाला झपाट्याने खाऊ लागले व त्यातील कर्ब वायुरूपाने हवेत गेला. हा वायू हवा आणखी तापवितो, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रयोगाचे गांभीर्य कळते.

अशा तारा पुरणे शाळेच्या आवाक्यातले नाही. पण झाड पाहणे आहे. आपल्या देशात २०१० साली 'सीझनवॉच' हा उपक्रम सुरू झाला. त्यात शाळेतील मुले एखादे झाड निवडून दर आठवड्यास त्याची पालवी, फुले, फळे यांची नोंद करतात. केरळातील मुलांचा त्यात मोठा वाटा आहे. तेथे विषूच्या सणास बहाव्याची फुले लागतात, आणि तो सणाच्या आधीच फुलून जातो की काय, ही तेथील लोकांची जुनी चिंता!

एका वर्षाच्या नोंदीवरून मात्र काहीच ठरत नाही. पाऊस लांबला, थंडी रेंगाळली, तरी बहर पुढेमागे होतोच. जपानातील क्योतो नगरीत चेरीच्या बहराच्या तिथी नवव्या शतकापासून मिळतात. म्हणूनच २०२१ साली २६ मार्चला आलेला भर बहर बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला, असे म्हणता आले. त्या जुन्या दरबारी लोकांनी आपल्या सणसमारंभांच्या तिथी तेवढ्या टिपल्या; त्यांचा असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नीही नसेल.

आम्हीही मुलांसह वाटेवरचा एक मोह निवडला व वही घातली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो आणि तीन आठवड्यांच्या नोंदी राहिल्या. परतल्यावर त्या अंदाजाने भरून टाकण्याचा मोह (झाडाचा नव्हे!) आम्हांस झाला, हे कबूल केले पाहिजे. "त्या दिवसांत झाड कुठे बदलते?" असे आम्ही म्हणालो देखील. वही ज्या मुलीकडे होती तिने निमूटपणे त्या तीन ओळींपुढे 'पाहिले नाही' असे लिहिले.

फाल्गुनात पहिले फूल दिसले त्या दिवशी तिथी, तारीख, वेळ आणि पाहणाऱ्याचे नाव तिनेच घातले. खालची सारी पाने पुढील वर्षाच्या मुलांसाठी कोरी ठेविली आहेत.