निवृत्तीनंतर जुन्या पगारावर बिल भरू नका

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरच्या आमच्या वस्तीतले एक काका धर्मादाय रुग्णालयात दाखल झाले. सिक्युरिटीच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना सव्वा वर्ष झाले होते. घरात काका-काकू दोघेच. तरी बिलात औषधांचे अर्धे पैसे लावलेले. फाईल उघडली तर उत्पन्नाचा दाखला नोकरीच्या काळातला! पगार २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. आज हातात येते ती फंडाची पेन्शन, महिना २,८०० रुपये, वर्षाला ३३,६००. नवा दाखला दिल्यावर वर्ग बदलला, पण तोवर काकूंची बांगडी गहाण पडली होती.

म्हणून हा नियम प्रत्येक घराने समजून घ्यावा.

नियम काय आहे?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांनी गरिबांसाठी खाटा राखायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. अंधेरीचे कोकिळाबेन, विलेपार्ल्याचे नानावटी अशी मोठी रुग्णालयेही यात येतात. खर्चासाठी रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकते. म्हणजे ही भीक नाही, कायद्याने राखलेला वाटा आहे.

वर्ग कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नावर ठरतो:

- १ लाख ८० हजारांपर्यंत: निर्धन. उपचार मोफत.
- ३ लाख ६० हजारांपर्यंत: दुर्बल घटक. खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे नाहीत. औषधे, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीने लावायचे, आणि त्यातली किमान निम्मी रक्कम रुग्णाने भरायची.

गुडघा किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेत ही निम्मी रक्कमच घर मोडते.

आधी काय करावे?

निवृत्तीनंतर एक आर्थिक वर्ष संपले की एप्रिलमध्येच तहसीलदारांचा नवा दाखला काढा. आजारपणाची वाट पाहू नका. अर्ज सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर होतो. सोबत कार्यमुक्तीचे पत्र, पेन्शन जमा होणारे पासबुक आणि रेशन कार्ड जोडा. मुलुंड-घाटकोपरकरांचा तालुका कुर्ला, पश्चिम उपनगरांतल्यांचा अंधेरी किंवा बोरिवली. दाखला अडवला किंवा नाकारला, तर लोकसेवा हक्क कायदा २०१५ प्रमाणे ३० दिवसांच्या आत पहिले अपील करता येते.

रुग्णालयात वर्ग चुकला तर?

१. वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. कॅश काउंटरवर वाद घालून उपयोग नाही. वर्ग तेच तपासतात.

२. 'निवृत्तीमुळे उत्पन्न घटले, वर्ग बदलावा' असा साधा अर्ज द्या. दाखल्याची प्रत जोडा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

३. नकार मिळाला तर तो लेखी मागा. 'खाटा भरल्या आहेत' हे उत्तरही कागदावर घ्या.

४. मग वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. बिल, दाखला आणि पोच एवढे कागद पुरतात.

तातडीच्या वेळी आधी उपचार, मग कागद. अशा रुग्णाला लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आहेत. निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांकडून अनामत मागता येत नाही.

मी वॉर्डात असताना पाहिले आहे, आपली वयस्कर माणसे 'साहेबांनी लिहिले ते बरोबरच असेल' म्हणून सही करतात. सही करण्याआधी दाखल्यावरचे वर्ष वाचा. ते नोकरीतले असेल, तर थांबा आणि विचारा. या रविवारी विहारात आलात की आपल्या आई-वडिलांचा दाखला कोणत्या वर्षाचा आहे, एवढे पाहून या.