परगांवचें जेवण आणि पेटींतील वस्त्रें

प्रवासास निघतांना पेटींत काय घालावें यावरून आमच्या घरांत आजवर अनेक वाद झाले. परंतु गेल्या वर्षीं जून महिन्यांत लंडनास जाण्यापूर्वीं जो वाद झाला, तो एका रात्रीच्या जेवणावरून. आमच्या आत्याबाईंचा नातू तेथें नोकरीस आहे. आजीला पंचाहत्तर वर्षें पूर्ण झालीं म्हणून त्यानें तेथील एका नामांकित भोजनगृहांत सहा जणांचें टेबल राखून ठेविलें आणि तिकडून आलेलें पत्र मोबाईलवरून आम्हांकडे धाडलें. पोशाख व्यवस्थित असावा, अर्ध्या विजारी व खेळाचे बूट चालणार नाहींत, पुरुषांनीं कोट घालावा. पत्र चार ओळींचें, पण घरांत खल चार दिवस चालला.

कारण आत्याबाई जन्मभर नऊवारी नेसत आल्या आहेत. धाकट्या सूनबाईंनीं सुचविलें कीं, एका रात्रीपुरतें पांचवारी नेसावें. कोणी पायजमा-कुडत्याची शिफारस केली; विमानांत त्याचीच सोय, मग जेवणासच काय अडचण, असा त्यांचा युक्तिवाद होता. आत्याबाईंनीं सर्वांचें ऐकून घेतलें आणि शांतपणें म्हणाल्या, "तुम्ही सगळे जा. मी खोलीवर दहींभात खाईन." ज्यांच्यासाठीं जेवण, त्यांनींच घरीं राहावयाचें! यापुढें चर्चा विनोदाची उरली नाहीं.

वास्तविक जेवावयास बसतांना वेगळें वस्त्र नेसावें ही कल्पना आपल्या घरांना मुळींच नवी नाहीं. ज्यांचें बालपण जुन्या वाड्यांत गेलें, त्यांना ती उंच वळणी आठवत असेल. सोवळ्याचें धुतलेलें वस्त्र काठीनें तिच्यावर वाळत घालावयाचें, काठीनेंच काढावयाचें. मध्यें एखाद्या पोराचा हात लागला कीं पुन्हा पाण्यांत. रेशीम आणि लोकर यांना रोजच्या धुण्यांतून सूट होती, म्हणून पुरुषांचा मुकटा आणि बायकांची धाबळी. अंगांत सदरा ठेवून सोवळ्याच्या पंक्तींत बसणारा पाहुणा तेव्हां जितका विचित्र दिसे, तितकाच कोटावांचून आलेला पाहुणा आज तिकडच्या वाढप्यास दिसत असावा. आम्ही त्या सोवळ्याचें गुणगान करीत नाहीं. त्या वळणीपायीं किती माणसें उंबऱ्याबाहेर राहिलीं, हें आत्याबाईच आमच्यापेक्षां अधिक स्पष्टपणें सांगतात.

तिकडच्या नियमाची कुळकथाहि फार जुनी नाहीं. एकोणिसाव्या शतकांत विलायतेच्या संभावित घरांत रात्रीच्या जेवणास पोशाख बदलून बसत. पुढें लंडनांत १८८९ सालीं सॅव्हॉय आणि १९०६ सालीं रिट्झ अशीं हॉटेलें उघडलीं, आणि कुलीन स्त्रिया घराबाहेर, चारचौघांच्या दृष्टीसमोर जेवूं लागल्या. घरांतला रिवाज त्यांच्याबरोबर हॉटेलांत आला. त्या थाटाचें आतां बहुतेक ठिकाणीं कोटापुरतेंच अवशेष उरलें आहे. पिकॅडिलीवरील रिट्झच्या भोजनगृहांत पुरुषांस कोट अद्याप लागतो आणि जीनची विजार चालत नाहीं. इतरत्र पुष्कळ ठिकाणीं स्वच्छ सदरा, पूर्ण विजार आणि बंद बूट एवढ्यावर काम भागतें. ज्याच्याजवळ कोट नाहीं त्यास घटकाभर वापरावयास देण्याकरितां कांहीं ठिकाणीं दाराशीं दोन-चार कोट टांगलेले असतात. ते बहुधा पाहुण्याच्या मापाचे नसतात, हा भाग निराळा.

मग प्रश्न नऊवारीचा. घरांतील तरुण मंडळींनीं लगेच दाखला दिला कीं, १९३१ सालीं महात्मा गांधी पंचा आणि शाल अशा वेषांत बादशहांच्या राजवाड्यांत चहास गेले होते. दाखला खरा, पण गांधीजींस तेथें बोलावणें होतें, आणि आम्ही पदरचे पैसे मोजून जाणार होतों. पैसे मोजणाऱ्याची भीड राजेलोकांहून हॉटेलवाले कमीच धरतात. त्यापेक्षां कामाचा दाखला अॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यतींचा. तेथील राजघराण्याच्या आवारांत पोशाखाचे नियम अतिशय कडक; तरी परदेशीय पाहुण्यांस आपल्या देशाचा समारंभाचा पोशाख करण्याची मोकळीक नियमांतच लिहिलेली आहे.

आश्चर्य हें कीं, आपल्या वेषास दारांत अडविल्याच्या ज्या गोष्टी आम्हांस चटकन् आठवल्या, त्या इकडच्याच निघाल्या. जुलै २०१४ मध्यें चेन्नईच्या एका क्लबांत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति वेष्टी नेसून गेले, म्हणून त्यांना दारांतून परत फिरावें लागलें. त्यावर त्याच वर्षीं ऑगस्टांत तमिळनाडूच्या विधानसभेनें कायदा केला, आणि वेष्टी किंवा तत्सम भारतीय पोशाखामुळें कोणास क्लबांत मज्जाव करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा ठेविली. २०२१ सालीं दिल्लींतील एका उपाहारगृहांत साडी 'स्मार्ट कॅज्युअल'मध्यें बसत नाहीं असें सांगितल्याची एका बाईंनीं तक्रार केली. उपाहारगृहानें आपली बाजू निराळी मांडली, तरी गदारोळ देशभर झाला. आम्हीं हें सगळें मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां सूनबाई गप्प झाल्या, आणि आम्हीहि. कारण आत्याबाईंना नऊवारी सोडावयास लंडनांतील कोणी सांगितलेंच नव्हतें. तें आम्हीं सांगितलें होतें.

शेवटीं जें पहिल्याच दिवशीं करावयाचें तें पांचव्या दिवशीं केलें: भोजनगृहास फोन केला. पलीकडील बाईंनीं देशी पोशाखाचें स्वागतच आहे असें सांगितलें. मग आत्याबाईंनीं आम्हांस खूण करून खरी अडचण विचारावयास लाविली. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्या जाड तळाचे, खेळाडूंसारखे बूट वापरतात. लुगडें चालेल, पण त्याखालीं दिसणाऱ्या बुटांचें काय? प्रकृतीसाठीं असतील तर हरकत नाहीं, असें उत्तर मिळालें. चार दिवस आम्ही लुगड्यावर वाद घालीत होतों आणि त्या मनांत बुटांची काळजी वाहत होत्या.

पेटी भरण्याचें काम त्यांनीं स्वतः केलें. पैठणी बाजूस सारली. जर जड, घड्या मोडण्याचें भय, आणि विमानांत सामानाचें वजन मोजून घेतात. हिरवें इरकली लुगडें, आंत जुन्या धोतराचा मऊ तुकडा घालून, सैल गुंडाळून ठेविलें. जूनमध्यें तेथें रात्रीं नऊ वाजेपर्यंत उजेड असला तरी संध्याकाळचा वारा बोचतो, म्हणून शाल. आमच्याकरितां बंद गळ्याचा काळा कोट निघाला. गळपट्ट्याची कटकट नाहीं, आणि तोच अंगांत घालून विमानांत बसलें कीं पेटीचा भार हलका होतो. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या सरकत्या जिन्यांवर पांचवारीच्या निऱ्या जपतांना आमच्या पत्नीची तारांबळ उडाली; कासोट्याच्या आत्याबाई मात्र निर्धास्त उभ्या होत्या.

जेवणाच्या रात्रीं दारावरच्या गृहस्थानें आत्याबाईंना लवून नमस्कार केला, शाल घेऊं का म्हणून विचारलें आणि आंत नेलें. आमचा कोट पाहून त्यानें मान डोलाविली. अडविलें तें एकालाच, आणि तो म्हणजे ज्यानें टेबल राखलें तो नातू. अंगावर उत्तम कोट, पण पायांत नवेकोरे पांढरे बूट, दोनशे पौंडांचे. तो परोपरीनें किंमत सांगत होता. दारवान तितक्याच नम्रतेनें पत्रांतील ओळ सांगत होता. दाराशीं उसने कोट होते, उसने बूट नव्हते. बिचारा जवळच्या दुकानाकडे धांवला आणि अर्ध्या तासानें काळे बूट घालून परतला, तेव्हां सूप निवून गेलें होतें.

तेवढ्या वेळांत आत्याबाईंनीं मांडीवरचा रुमाल नीट पसरला, वाढप्यास बोलावून आणखी एक मागितला, आणि तो पदरावरून कमरेशीं खोंवून घेतला. आम्हीं हळूच म्हटलें, "आत्या, इथें असें करीत नाहींत." त्या म्हणाल्या, "लुगडें माझें, डाग पडला तर धुवायचा मीच." वाढप्यानें आपण होऊन तिसरा रुमाल आणून ठेविला.

ते काळे बूट नातवास फार चावले. परत निघतांना त्यानें ते आमच्याच पेटींत कोंबले. गेल्या मार्गशीर्षांत एका लग्नास आम्ही ते घालून गेलों. आम्हांस ते थोडे मोठे होतात, पुढें कापूस घालावा लागतो.